शिवगामीला नेमकं काय हवं होतं?

पार्क_चौकातला

रविवारी टीव्हीवर 'बाहुबली'चा दुसरा भाग लागला होता. कितव्यांदा ते मोजणं मी सोडून दिलंय. देवसेना भर दरबारात शिवगामीला सुनावते तिथे आलो आणि आमच्या हॉलमध्येच दरबार भरला. आई म्हणाली, "होणाऱ्या सासूशी असं बोलतात का?" बायको म्हणाली, "मुलीला न विचारता हात मागतात का?" मी चॅनेल बदलला, तर दोघींनी एक होऊन मला झापलं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. शिवगामी न्यायप्रिय राजमाता म्हणून मिरवते, पण तिला राज्य पोटच्या भल्लालदेवालाही द्यायचं नव्हतं आणि दिराच्या पोराला, बाहुबलीलाही. राजा कोण हे ठरवायचा अधिकार तिला स्वतःच्या हातात हवा होता. दीर वारला, जाऊ बाळंतपणात गेली, नवरा बिज्जलदेव हक्क सांगत बसला होता, त्याला बाजूला सारून हिने कारभार हातात घेतला. इथपर्यंत ठीक. पण पुढे बघा. भल्लाला गादीवर बसवल्यावरही दरबारात शेवटचा शब्द हिचाच. राजा समोर असताना राजमातेचा हुकूम चालतो, मग तो राजा कसला?

मुद्दे मांडा. कुणाच्या आईवर जाऊ नका.

हुरडा_पार्टी

काय बे, २०१५ च्या जुलैपासून २०१७ च्या एप्रिलपर्यंत अख्खा देश एकच प्रश्न विचारायलाला, कटप्पाने बाहुबलीला का मारलं. उत्तर मिळालं, राजमातेने सांगितलं म्हणून. आता तू विचारायलास राजमातेने का सांगितलं. अजून दहा वर्षं चालतंय की हे.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन बसलोय. चालू द्या.

उलटतपास

धागाकर्त्याचा आरोप मोठा आहे, पुरावा तोकडा. सत्तेची हाव असती तर भल्लाचं देवसेनेशी लग्न लावायच्या भानगडीत ती पडलीच नसती. दोन्ही पोरांना झुलवत ठेवून गादी रिकामी ठेवली असती.

मला तिचा दोष वेगळा दिसतो. ती समोरच्याचं म्हणणं ऐकूनच घेत नाही. देवसेनेने नजराणा परत पाठवला, तर का पाठवला हे न विचारता "कैद करून आणा" असा हुकूम. भल्लाच्या महालात देवसेनेकडचा कुमारवर्मा मेला, भल्ला जखमी दिसला, तर बाहुबलीला बोलावून एक प्रश्नही न विचारता थेट मृत्युदंड. तोही उघड नाही, कटप्पाच्या हातून गुपचूप. का, तर उघड मारलं तर प्रजा उठेल. ज्या निकालाला लोकांसमोर उभं राहता येत नाही त्याला न्याय म्हणायचं का?

कोर्टात रोज बघते. चांगल्या हेतूचा पण घाईचा माणूस सर्वांत जास्त नुकसान करतो. तिच्या मनात काय होतं यावर वाद घालण्यापेक्षा तिने काय केलं ते बघा.

पार्क_चौकातला

@उलटतपास, वकीलबाई, तुम्ही आरोपीची शिक्षा कमी करून दिलीत. हाव नाही, घाई. पण माहिष्मतीवर, म्हणजे हिच्या राज्यावर, चालून आलेल्या कालकेयाच्या युद्धाचं काय? जो कालकेय राजाला मारेल तो माहिष्मतीचा राजा, असं ठरलं होतं. शेवटचा घाव भल्लाने घातला. तरी हिने बाहुबलीचं नाव पुकारलं. नियम तिच्या दरबारातला, निकालही तिचाच, आणि तो नियमाबाहेरचा. हे मनमानी नाही तर काय?

बिज्जलचा_वकील

शेवटी कुणीतरी बोललं! थोरल्या भावाला डावलून धाकट्याला गादी दिली. का? कुणी म्हणतो हाताच्या व्यंगामुळे, कुणी म्हणतो स्वभावामुळे. त्या माणसाला आयुष्यभर एकच कारण ऐकू आलं, हात. मग त्याच्या पोराचा हक्कही गेला, तेही जिंकलेलं युद्ध असताना. बिज्जल कपटी आहे, मान्य. पण तो कपटी कसा झाला हे या धाग्यावर कुणी विचारणार नाही, कारण नासरने त्याला इतका खवचट रंगवलाय की दया येतच नाही.

उलटतपास

@पार्क_चौकातला, कालकेयाच्या निकालाला मी मनमानी म्हणणार नाही. शत्रूने पकडलेली आपलीच माणसं ढाल म्हणून पुढे उभी केली होती. भल्लाने त्यांच्या अंगावर रथ घातला. बाहुबलीने ती वाचवली आणि मग लढला. राजा नेमताना हे बघायचं नाही का? नियमात 'कसं मारलं' हे लिहायचं राहिलं, ते तिने निकालात भरून काढलं. न्यायाधीश हे करतात.

पण तुमच्यामुळे एक गोष्ट लक्षात आली, ती माझ्याच विरोधात जाते. त्या दिवशी ती ठरलेल्या शब्दापलीकडचं बघू शकली. मग देवसेनेच्या वेळी त्याच शब्दाला का चिकटून बसली?

मागावरची_कांडी

मी सहसा वाचून जातो, लिहीत नाही. पण इथे तेलुगू येणारं कुणी दिसेना म्हणून लिहितोय. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि बाजारात गेलं की कानडीही कानावर पडते. हा पिक्चर आम्ही तेलुगूत बघितलाय, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हिंदीत.

फरक कुठे पडतो सांगतो. हिंदीत ती म्हणते तिचं 'वचन' हेच शासन. तेलुगूत शब्द आहे 'माट'. माट म्हणजे बोलणं, शब्द. "माट इच्चानु" म्हणजे शब्द दिला, तिथे अर्थ वचनाचा. पण मोठ्या माणसाची माट खाली पडू देऊ नये म्हणतात, तिथे अर्थ हुकमाचा. मराठीतल्या 'शब्द'सारखंच. मी त्याला शब्द दिलाय, आणि घरात माझा शब्द चालतो. दोन्ही ठिकाणी शब्द तोच, पण एकात माणूस स्वतः बांधला जातो आणि दुसऱ्यात तो बाकीच्यांना बांधतो.

'वचन' म्हटलं की शिवगामी बिचारी वाटते, दिलेल्या वचनात अडकलेली. 'माट' म्हटलं की बांधलेली कोण आणि बांधणारी कोण हे कळतच नाही. मला वाटतं तिलाही कळत नव्हतं.

निवृत्त_बाई

@कांडी, फार सुंदर. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला पण असं भाषेच्या बाजूने बघितलं नव्हतं.

थोडं अवांतर करते, पण मुद्द्यावर येईन. माहिष्मती हे नाव पिक्चरवाल्यांनी हवेतून काढलेलं नाही. पुराणांतली माहिष्मती नर्मदाकाठची, हैहय कुळातल्या कार्तवीर्य अर्जुनाची. अनेक अभ्यासक ती आजचं महेश्वर मानतात. आणि महेश्वर कुणाची राजधानी? आपल्या सोलापूरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलंय त्या अहिल्यादेवींची. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरला पडला, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव १७६७ मध्ये. लगेच राघोबादादा फौज घेऊन निघाले. बाईंनी माधवराव पेशव्यांची संमती मिळवली, फौज तुकोजी होळकरांकडे सोपवली आणि कारभार स्वतःकडे ठेवला. पुढे १७९५ पर्यंत.

आता फरक बघा. अहिल्यादेवी स्वतःच्या नावाने कारभार करत होत्या. "मुलगा मोठा होईपर्यंत" हा बहाणा त्यांच्याकडे उरलाच नव्हता. शिवगामी मात्र पहिल्या दिवसापासून अमानतदार. दोन बाळं मांडीवर, राज्य त्यांचं, ही फक्त राखणार. अमानत राखणाऱ्या माणसाकडे स्वतःचं काही नसतं. तिजोरी दुसऱ्याची, मुकुट दुसऱ्याचा. तिच्याकडे आपलं म्हणून एकच वस्तू, तिचा शब्द.

हुरडा_पार्टी

बाई, दंडवत. आमच्या शाळेत असला तास झाला असता तर मी मागच्या बाकावर झोपलो नसतो.

पार्क_चौकातला

बाई, पटतंय पण पूर्ण नाही. अमानतदार होती तर अमानत परत द्यायच्या दिवशी तिने अट का घातली? राज्याभिषेक ठरलेला. बाहुबली देवसेनेला घेऊन येतो. ही म्हणते, गादी किंवा देवसेना. अमानत कुणाची होती हे तिनेच कालकेयाच्या युद्धानंतर जाहीर केलं होतं ना? मग लग्न कुणाशी करायचं हा गादीच्या वाटेतला प्रश्न झालाच कसा? इथे मला राखण दिसत नाही, मालकी दिसते.

कुंतलची_सून

कारण भल्लाचं देणं होतं! सगळे न्याय, शासन, शब्द करताय. ती आई आहे हो. पोटच्या पोराला डावलून दिराच्या पोराला राजा केलं. दरबारात मान ताठ ठेवली, पण रात्री झोप लागली असेल का? मग ते पोर येऊन पहिल्यांदा काहीतरी मागतं, ही मुलगी आवडलीय म्हणून. तिने विचार केला नाही, लगेच हो म्हणाली. ज्याला गादी देऊ शकले नाही त्याला निदान बायको देते. तिथे राजमाता नव्हतीच, अपराधी वाटणारी आई होती. भल्लाने तेवढंच ओळखलं.

म्हणून मला भल्लापेक्षा तिचाच राग येतो. एका पोराची भरपाई करायला दुसऱ्याच्या बायकोचा जीव पणाला. आणि देवसेनेचा? तिला कुणी विचारलं? सोन्याचांदीची ताटं पाठवली की मुलगी आलीच पाहिजे. मी देवसेनेच्या जागी असते तर ताटं परतच केली नसती, ठेवून घेतली असती आणि गेलेही नसते.

हुरडा_पार्टी

ताटं ठेवून घेतली असती 😂 अक्का, तुम्हीच राजमाता.

उलटतपास

@कुंतलची_सून, हा अर्थ मला सर्वांत खरा वाटतो, आणि यात हाव की न्याय हा वादच गळून पडतो. फक्त एक जोडते. देवसेनेच्या डोहाळजेवणाच्या दिवशी भल्ला बाहुबलीचं सेनापतिपद काढून घेतो आणि सेतुपतीला देतो. ती गप्प बसते. देवसेना तिला तोंडावर विचारते, तरी गप्प. तो सेतुपती पुढे देवळात बायकांच्या अंगाला हात लावतो, देवसेना त्याची बोटं छाटते, आणि दरबारात बेड्या कुणाला? देवसेनेला. त्या गप्प बसण्याला काय म्हणाल? तिथे तर कुणाला शब्द दिलेला नव्हता.

भुईकोट

प्रीक्वेलचा उल्लेख कुणीच केला नाही याचं नवल वाटतं. आनंद नीलकंठन यांची २०१७ ची कादंबरी आहे शिवगामीवर. त्यात ती लहानपणीच पोरकी झालेली, बापाला राजद्रोही ठरवून माहिष्मतीच्या राजानेच मारलेलं, आणि तिने माहिष्मतीचा सूड घ्यायची शपथ घेतलेली. म्हणजे जिने राज्य बुडवायचं ठरवलं होतं तीच राज्य राखत बसली. हे धरलं तर धागाकर्ता निम्मा बरोबर. महत्त्वाकांक्षा होतीच, फक्त वेगळ्या जातीची.

पार्क_चौकातला

कादंबरी वेगळी, पिक्चर वेगळा. पडद्यावर जे दिसतं तेवढ्यावर बोलूया. नाहीतर उद्या कुणी म्हणेल कटप्पाच्या आजोबांचं पण एक पुस्तक आहे. (पण वाचतो, धन्यवाद.)

बिज्जलचा_वकील

बिज्जलवर कादंबरी नाही का हो कुणाची? नसेल तर लिहायला घेतो.

निवृत्त_बाई

"ध चा मा" सगळ्यांना माहीत आहे. आनंदीबाईंनी खरंच अक्षर बदललं का याला पुरावा नाही, पण अडीचशे वर्षं लोक तेच सांगतात. कारण कट करणाऱ्या पुरुषांपेक्षा हुकूम देणारी बाई गोष्टीत जास्त शोभते. इथेही बघा. कट बिज्जलचा आणि भल्लाचा. कुमारवर्म्याला फसवून महालात पाठवलं त्यांनी, जखमेचं सोंग केलं त्यांनी. आणि आपण इतके प्रतिसाद शिवगामीवर लिहितोय. दोष नाही म्हणत. पण हे लक्षात असू द्यावं.

मागावरची_कांडी

उलटतपास ताईंनी विचारलं की जिथे शब्द दिला नव्हता तिथे गप्प का. यावर मला घरातलं एक सांगायचंय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमची अव्वा, म्हणजे वडिलांची आई, विड्या वळायची. आजोबा मागावर. माग कधी चालायचा, कधी सूत महाग झालं की बंद. पण विडी बंद नसायची. दिवसाला हजार वळल्या तर हजाराची मजुरी, कमी भरल्या तर कमी. पानं भिजवायची, कात्रीने कापायची, मांडीवर सूप, सूपात तंबाखू. वाण्याकडून किराणा तिच्या नावावर उधार यायचा, आजोबांच्या नावावर नाही. वाणी म्हणायचा, अम्माने पगाराला देते म्हटलं म्हणजे देणार. ताप असला तरी ती ठरल्या दिवशी पैसे नेऊन द्यायची. लहानपणी मला वाटायचं हा तिचा ताठा आहे. आता कळतं, तिच्याजवळ गहाण टाकायला दुसरं काहीच नव्हतं. शब्द एकदा खाली पडला असता तर महिन्याची ज्वारी बंद झाली असती.

त्याच अव्वाने आपल्या भावाला शब्द दिला होता, तुझी पोर माझ्या धाकट्याला करते. आमच्यात मामाची मुलगी करतात, त्याला मेनरिकम म्हणतात. काकाला विचारलं नव्हतं. काकाने दुसरीकडे जमवलं होतं. घरात काय झालं ते मी सांगत नाही, तुम्ही पिक्चरमध्ये बघितलंय. काका भिवंडीला गेला, तिथल्या लूमवर लागला. अकरा वर्षं अव्वा त्याच्याशी बोलली नाही. कुणी त्याचं नाव काढलं की ती सूप पुढे ओढायची आणि विड्या वळायला लागायची. दिवाळीत त्याची पोरं यायची, त्यांना जवळ घ्यायची. त्याच्याशी बोलायची नाही.

म्हणून वकीलताई, गप्प का बसली ते मला कळतं. एकदा शब्दासाठी पोटच्या पोराला घराबाहेर काढलं की नंतर तो बरोबर होता म्हणता येत नाही. म्हटलं तर पहिल्या दिवशीच आपण चुकलो हे कबूल होतं. मग पोराच्या प्रत्येक गोष्टीत गप्प बसावं लागतं. नंतर कुणी येऊन सांगितलं की पोराने तुझ्यावरच सुरा उचललाय, तर तेही खरं मानावंसं वाटतं. खरं निघालं तर आपण पहिल्यापासून बरोबर ठरतो ना.

उलटतपास

हे वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. माझा 'घाई'चा मुद्दा मागे घेते. ती घाई नव्हती. तिला तो आरोप खरा निघायला हवा होता.

कुंतलची_सून

@कांडी ❤️ पण काकूंचं काय? ज्यांच्याशी काकांनी लग्न केलं त्यांच्याशी अव्वा बोलायच्या का?

मागावरची_कांडी

बोलायच्या. काकूशी पहिल्या वर्षापासून. गोष्टीतल्यापेक्षा इथे सासू-सुनेचं बरं जमलं. राग फक्त पोरावर होता.

पार्क_चौकातला

माझं मत बदललं असं लगेच म्हणत नाही, नाहीतर आई म्हणेल बघ, मी सांगत होते. पण एक गोष्ट मीच पुन्हा बघून आलो. पहिल्या भागाची सुरुवात. पाठीत बाण, नदीचं पाणी वर चढतंय, एका हातावर बाळ. तिथे ती शंकराला म्हणते की माझ्या पापासाठी माझा जीव घे पण हे पोर वाचव. अख्ख्या दोन भागांत ती दरबारात फक्त सांगते, आणि पाण्यात उभी राहून मागते. आणि त्याच्या जरा आधी तिने काय केलं? भल्लाला राजा करण्याचा स्वतःचाच शब्द फिरवला, बाहुबलीच्या पोराला, महेंद्रला, वर धरून प्रजेला सांगितलं, हा तुमचा राजा. म्हणजे शब्द मोडता येत होता. जमत होतं तिला.

फक्त एक प्रश्न उरतो. तेव्हा तरी तिने राज्य दिलं, की पुन्हा राजा ठरवला?

निवृत्त_बाई

हा प्रश्न पेपरात वीस गुणांना विचारावा.

हुरडा_पार्टी

बाई, नका ओ. परत नापास होतोय मी.

कांडीभाऊ, अव्वा हायत का अजून? त्यांना विचारा की शिवगामीचं. आम्ही सगळे पिक्चर बघून बोलायलाव, त्या तर राजमाताच.

मागावरची_कांडी

आहे. ब्याऐंशी वर्षांची. कान कमी झालेत, त्यामुळे टीव्ही मोठ्याने. विचारलं आज दुपारी. नदीचा सीन मोबाईलवर लावून दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इतका वेळ हात वर? दुखला नसेल?" विडी वळून तिचा उजवा खांदा गेलाय, वर जातच नाही, म्हणून तिला तेच दिसलं असेल.

मी म्हटलं, अव्वा, ती चांगली होती की वाईट? त्याचं उत्तर दिलं नाही. मोबाईल परत दिला आणि विचारलं, "तुझ्या काकाने बघितला का हा पिक्चर?"

हुरडा_पार्टी

भिवंडीत पण लागला होता की अव्वा.